कामकऱ्याचे घर आणि पौषातली थंडी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला आणि मी 'हिवाळा' असे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा चमकूनच पाहिले. मे महिना, गोदाकाठची ही दिवसभर तापलेली फरशी, दिवस मावळून तास झाला तरी खालून येणारी धग, आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात कार्यक्रमपत्रिकेचे पंखे, आणि अशा श्रोत्यांपुढे उभा राहून मी घर उबदार कसे ठेवावे हे सांगणार! पण विषय मी जाणूनबुजून निवडला आहे. गोधडी शिवावयाची ती याच दिवसांत. जुनी लुगडी धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्यावी लागतात. श्रावणात ती वाळत नाहीत. पत्र्याची छिद्रे बुजवावयाची ती पावसाच्या आधी. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराला मुकादम उचल देतो ती पावसाळ्याच्या आगेमागे. एकदा पैसे हातात पडले, अंगठा उठला, म्हणजे 'आमच्या कोपीचे काय?' हे विचारण्याची वेळ निघून गेलेली असते. मार्गशीर्षात हुडहुडी भरल्यावर जो थंडीचा विचार करू लागतो त्याचा विचार शेकोटीपलीकडे जात नाही, आणि शेकोटीबद्दल तर मला आज बरेच काही सांगावयाचे आहे.

'आपल्याकडे थंडी ती कसली?' असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. थंडी काश्मीरला, थंडी दिल्लीला. परंतु पुण्यास १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे, आणि ज्या मुंबईत लोक स्वेटर केवळ हौसेने घालतात तेथे सांताक्रूझच्या वेधशाळेत जानेवारी १९६२ मध्ये ७.४ अंश नोंदले गेले. आपल्या निफाडचे तर काय सांगावे? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो, आणि द्राक्षबागाईतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवितात. द्राक्षाच्या मण्याला तडा जाऊ नये म्हणून माणूस रात्रभर जागतो हे योग्यच आहे. त्या शेकोट्या पेटविणारा जो मजूर असतो तो स्वतः कोठे निजतो, हे मात्र कोणी छापलेले मी वाचले नाही.

तो पेपरातला आकडा कसा मोजतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत टांगलेला असतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला म्हणजे जमीन आपली उष्णता आकाशात टाकीत राहते आणि जमिनीलगतची हवा त्या पेटीतल्या हवेहून अधिक गार होते. म्हणजे पेपरात ८ अंश छापलेले असतील तर उघड्या जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या वाट्याला त्याहून कमी येते. हवामान खाते मैदानी प्रदेशात थंडीची लाट म्हणते ती किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली जाईल आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असेल तेव्हा. हवामानाची व्याख्या म्हणून ती ठीक आहे. परंतु लाट आली की नाही हे खात्याला ठरवू द्या. माणसाला थंडी बाधते ती त्याच्या घरात, त्याच्या अंथरुणावर.

ही गोष्ट युरोपातल्या लोकांना आकड्यांनिशी कळून चुकली. तेथे हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा माणसे अधिक मरतात. आपल्याला वाटेल, सर्वांत जास्त वाढ फिनलंड-स्वीडनसारख्या बर्फाच्या देशांत होत असेल. तसे नाही. ही वाढ पोर्तुगाल आणि स्पेन या उबदार देशांत अधिक आढळली. कारण उघड आहे. उत्तरेकडच्या माणसाने घर बांधतानाच थंडी धरून बांधले, जाड भिंती, दुहेरी काचा. दक्षिणेकडच्याने 'आपल्याकडे थंडी ती कसली' म्हणत बांधले. आपल्या देशातही मृत्यूंच्या मोठ्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात असे दिसले की कडाक्याच्या उन्हाने मरणाऱ्यांपेक्षा मध्यम थंडीने मरणाऱ्यांची संख्या पुष्कळच मोठी आहे. उष्माघाताने माणूस रस्त्यात कोसळतो, चार लोक पाहतात, बातमी होते. थंडीचा माणूस पहाटे घरात जातो आणि त्याच्या दाखल्यावर हृदयविकार, पक्षाघात किंवा न्यूमोनिया असे लिहिले जाते. थंडीचे नाव कोठेच येत नाही.

शरीरात काय घडते ते थोडक्यात सांगतो. आपल्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहिले पाहिजे; ते ३५ च्या खाली गेले की डॉक्टर त्याला धोका समजतात. ते राखण्यासाठी शरीर प्रथम कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळून धरते, म्हणजे ऊब आत राहावी. नळी आवळली की दाब वाढतो, हे गिरणीत काम केलेल्या कोणालाही सांगावयास नको. म्हणून थंडीत रक्तदाब चढतो, आणि ज्याच्या हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्याला पहाटेची वेळ जड जाते. म्हाताऱ्या माणसाने पांघरुणातून एकदम उठून गार पाण्याने आंघोळ करण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. माघस्नानाचे पुण्य ज्यांना हवे त्यांच्याशी माझा वाद नाही. त्यांनी पाणी कोमट करून घ्यावे एवढीच विनंती.

दारूबद्दलही येथेच सांगून टाकतो, कारण रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांत हा समज घट्ट आहे की एक घोट घेतला की ऊब येते. ऊब येते हे खरे, पण ती येते कोठून? दारूने कातडीकडच्या आवळलेल्या वाहिन्या सैल पडतात, आतले गरम रक्त बाहेर येते, माणसाला बरे वाटते, आणि त्याच वेळी त्याची आतली ऊब हवेत चाललेली असते. घरातले दाणे विकून सण साजरा केल्यासारखा हा प्रकार आहे.

तान्ह्या मुलाची गोष्ट निराळी. त्याच्या वजनाच्या मानाने त्याची कातडी फार मोठी, आणि चरबी थोडी; त्याला धड कुडकुडताही येत नाही. जन्मलेले मूल लगेच न्हाऊ घालण्याची आपल्याकडे घाई असते. निदान २४ तास तरी आंघोळ घालू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते पुसून कोरडे करावे, टोपडे घालावे आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे. ही कल्पना १९७८ साली कोलंबिया देशात बोगोटा येथे निघाली. अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी रुग्णालयात काचपेट्या पुरत नव्हत्या, म्हणून मुले आयांच्या अंगाशी बांधून ठेवली, आणि ती जगू लागली. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून नवजात मुलांची घरोघर काळजी घेण्याची पद्धत बसविली. त्यात जंतुसंसर्गावरचा औषधोपचार होता, तसेच मूल उबेत ठेवणे हाही एक भाग होता. ३९ गावांतल्या त्या कामाचा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नवजात मुलांचे मृत्यू तेथे ६२ टक्क्यांनी घटले होते. काम करणाऱ्या बाया फार शिकलेल्या नव्हत्या. मला या गोष्टीचे अगत्य का, हे माझ्यासारखे शाळेबाहेर शिकलेले जे येथे बसले असतील ते ओळखतील.

आता घराकडे येऊ. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असे आपण म्हणतो. थंडीत मी असे म्हणेन की पांघरूण पाहण्याच्या आधी अंथरूण पाहावे. गरीब घरात दोन वाकळा असल्या तर दोन्ही अंगावर घेतात आणि खाली एक सतरंजी. ऊब मात्र खालून जाते. गार फरशी माणसाच्या पाठीतून रात्रभर उष्णता ओढून घेते, आणि आपल्या अंगाच्या भाराने खालचे अंथरूण दबल्यामुळे त्यातली हवा निघून जाते. आणि ऊब धरते ती हवाच. कापूस, लोकर, जुने लुगडे ही केवळ हवा कोंडण्याची साधने आहेत. म्हणून खाली दबणार नाही असे काही हवे. बाज असेल तर उत्तम, पण बाजेखालून वारा वाहतो, तेव्हा तिच्यावरही जाड काही पाहिजे. बाज नसेल तर पोत्यात भरलेला भाताचा पेंढा किंवा चांगले वाळलेले पाचट, त्यावर चटई, त्यावर वाकळ. दोनांपैकी एक वाकळ खाली घ्या. फरक पहिल्याच रात्री कळेल.

आमच्या आयाबायांनी गोधडी शोधून काढली तेव्हा त्यांना कोणी उष्णतेचे शास्त्र शिकविले नव्हते. जुन्या लुगड्यांचे पाच-सात थर, प्रत्येक दोन थरांमध्ये पातळ हवा, आणि ती हवा इकडेतिकडे हलू नये म्हणून बारीक धावदोरा. तेवढ्याच वजनाच्या एका जाड चादरीपेक्षा ती अधिक ऊब देते. सोलापुरी चादरीचा मी अपमान करीत नाही. त्या मागांवर माझ्या ओळखीची माणसे आयुष्यभर राबली आहेत. पण एक चादर आणि एक गोधडी अशी निवड करावयाची असेल तर मी गोधडी निवडीन, आणि दोन्ही मिळत असतील तर चादर वर घेईन, कारण घट्ट विणीमुळे ती वारा अडविते. घोंगडी तिसरी. तिची गोष्ट अशी की लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. दख्खनी मेंढीची खरखरीत लोकर शहरातल्या नाजूक मानेला टोचते म्हणून घोंगडी मागे पडली. तिच्या जागी आली ती स्वस्त, मऊ, रंगीत ब्लँकेटे, आणि त्यांच्याविषयी एवढेच सांगतो की त्यांतली पुष्कळशी नायलॉन-पॉलिएस्टरच्या जातीची असतात, ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतात. शेकोटीजवळ ती घेऊन बसू नका. पेटत्या कपड्याने धावू नये, जमिनीवर लोळावे. आणि भाजल्या जागेवर टूथपेस्ट, शाई, हळद काही न लावता वीस मिनिटे वाहते गार पाणी धरावे.

पत्र्याच्या घराविषयी नाशिककरांना काय सांगावे? सातपूर-अंबडच्या कारखान्यांभोवती पत्र्याच्या खोल्यांत किती कामगार राहतात ते आपण जाणता. पत्रा उन्हाळ्यात तापतो हे सर्व बोलतात. रात्री मात्र तोच पत्रा उघड्या आकाशाकडे तोंड करून आपली उष्णता टाकून देतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. मग घरातल्या माणसांच्या श्वासातली वाफ त्याला आतून लागते, तिचे थेंब होतात आणि पहाटे पांघरुणावर पडतात. ओले पांघरूण म्हणजे निम्मी ऊब गेली. उपाय जुनाच आहे. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून दुसरे छत ताणावे. चटईचे चालेल, पुठ्ठ्याचे चालेल, पण चुलीच्या आणि दिव्याच्या वर नको. खानदेशातले धाब्याचे घर आणि बीडकडचे माळवदाचे घर हिवाळ्यात ऊबदार असते ते त्याच्या हातभर मातीमुळे. दिवसा घेतलेली उष्णता ती रात्री सावकाश सोडते. बीडचा मजूर अशा माळवदाच्या घराला कुलूप लावतो आणि ऐन थंडीचे महिने दुसऱ्या जिल्ह्यात, पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोपीत काढतो.

दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्या की नाही? बुजवाव्या, पण खालच्या. अंथरुणाच्या पातळीवर येणारा वारा अडवावा आणि वरचा झरोका उघडा ठेवावा. वारा अंगावर नको, हवा मात्र घरात हवी. हा भेद ज्याने सोडला त्याच्या घरी काय घडते ते आता सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका बांधकामावर दोन पहारेकरी होते. बाहेरगावचे, चुलत भाऊ. कंत्राटदाराने त्यांना पत्र्याची एक केबिन दिली होती, दोन माणसे पाय मुडपून झोपतील एवढी. पौष महिना. रात्री लाकडे पेटवून निखारे झाल्यावर त्यांनी ते घमेल्यात भरले, घमेले आत घेतले, खिडकीत सिमेंटचे रिकामे पोते कोंबले आणि दार लावले. धूर नव्हता म्हणून भीती वाटली नाही. सकाळी गवंडी आले तेव्हा धाकटा बेशुद्ध होता आणि थोरला गेलेला होता. कंत्राटदाराने सांगितले, थंडीने गारठून मेला, दैवाची गोष्ट. थंडीने मेला असे ठरले असते तर भरपाई नव्हती. आमच्या एका कार्यकर्त्याने हट्ट धरला म्हणून रक्त तपासणीस गेले आणि निखाऱ्याच्या वायूने मृत्यू असा निर्णय आला. तेव्हा अमलात असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याखाली दावा झाला; झोपण्याची जागा मालकाने दिलेली, काम रात्रीचे, म्हणून मृत्यू कामाच्या ओघातला ठरला. विधवेला पैसे मिळावयास दोन वर्षे लागली. धाकटा वाचला, पण पुढे कितीतरी महिने त्याला नावे आठवत नसत.

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. कोळसा किंवा लाकूड पुरत्या हवेत जळले तर तो थोडा होतो. हवा कमी पडली, निखारा नुसता धुमसत राहिला, की पुष्कळ होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातला जो तांबडा पदार्थ प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. गाडीतली बैठक एका उपऱ्याने अडवावी आणि तिकीटवाल्याने फलाटावर उभे राहावे, तसे होते. माणूस श्वास घेत असतो आणि गुदमरत असतो. त्यातही कपट असे की पहिला आघात मेंदूवर आणि पायांवर होतो. काहीतरी चुकते आहे असे कळले तरी उठून दारापर्यंत जाता येत नाही.

फ्रान्समधला थोर कादंबरीकार एमिल झोला याने कोळशाच्या खाणीतल्या कामगारांवर 'जर्मिनल' ही कादंबरी १८८५ मध्ये लिहिली. आमच्या संघटनेच्या कपाटात तिचा अनुवाद आहे. तिची पाने सुटी झाली आहेत इतकी ती फिरली. ज्याने कोळशातल्या मरणाचे एवढे वर्णन केले तो स्वतः २९ सप्टेंबर १९०२ रोजी पॅरिसमधल्या आपल्या घरात, निजण्याच्या खोलीतल्या शेगडीचे धुराडे तुंबल्यामुळे, याच वायूने गेला. त्याची पत्नी बचावली. तुंबलेले धुराडे अपघाताने तुंबले की कोणी बुजविले, यावर तेथे अजून बोलतात, कारण त्याला शत्रू पुष्कळ होते. मला महत्त्वाचे वाटते ते हे की ते घर गरिबाचे नव्हते, खिडक्या-दारे चांगली घट्ट बसणारी होती.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जॉन हाल्डेन नावाचा शास्त्रज्ञ खाणीतल्या स्फोटांनंतर मेलेल्या कामगारांची तपासणी करीत होता. त्याने दाखविले की बहुतेक जण स्फोटाच्या धक्क्याने मेलेले नव्हते, या वायूने मेले होते. लहान प्राण्याला हा वायू लवकर बाधतो, म्हणून खाणीत बरोबर पिंजरा न्यावा अशी त्याने सूचना केली. त्यातून कॅनरी पक्षी खाणीत नेण्याची चाल पडली आणि इंग्लंडात ती १९८६ पर्यंत चालली. आपल्या खोल्यांत कोणी पिंजरा ठेवणार नाही. आता या वायूची सूचना देणारी लहान यंत्रे मिळतात. ज्यांच्या घरी गॅसवरचा गीझर आहे त्यांनी एक घ्यावे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी खुणा लक्षात ठेवाव्या. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, आणि हे घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी होणे. बाहेर ओट्यावर गेले की बरे वाटणे. पित्त झाले असे समजून पुन्हा आत जाऊन झोपू नका. दार उघडा, माणसाला ओढत का होईना मोकळ्यावर आणा, १०८ ला फोन करा, आणि तो शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्या. साध्या हवेत या वायूचा निम्मा भाग रक्तातून उतरण्यास चार-पाच तास लागतात. नळीने प्राणवायू दिला तर तेच काम दीड तासाच्या आसपास होते. कांदा फोडून नाकाशी धरल्याने काही होत नाही.

शेगडी घरात घेऊन झोपावयाचे नाही, एवढे ठरवून टाका. जागेपणी शेकावयाचे असेल तर दार उघडे ठेवून, आणि निजण्यापूर्वी ती बाहेर ठेवून. बाळंतिणीच्या खोलीतला शेकही यातच आला. आई आणि तान्हे मूल, खिडक्या बंद, कोपऱ्यात निखारे, हे आपल्या घरी पिढ्यान् पिढ्या चालले आहे. मोडक्या दारांनी आणि कौलांच्या फटींनी आजवर पुष्कळांना वाचविले. आता घरे पक्की झाली. वरून हवा येईनाशी झाली.

गॅसच्या गीझरचेही हेच. तो न्हाणीघराच्या आत बसवूच नये. बाहेर मोकळ्या जागी बसवावा आणि नळाने पाणी आत घ्यावे. चार फूट लांब-रुंद न्हाणीघर, दाराला कडी, वर काचा बंद, आणि पाऊण तास आंघोळ: त्या शेगडीच्या केबिनीत आणि याच्यात फरक फक्त फरशीचा. विजेच्या कांडीबद्दल फार बोलत नाही. बटण बंद करून, कांडी काढून, मगच पाण्यात हात घालावा. आणि अर्थिंग नसलेल्या खोलीत ती वापरू नये. घरमालक अर्थिंग करून देत नसेल तर भाडेकऱ्यांनी मिळून त्याच्याकडे जावे, एकट्याने जाऊ नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर बटणाला हात न लावता दारे उघडावी, टाकीचा खटका बंद करावा आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. हिवाळ्यात खिडक्या बंद असतात म्हणून हे येथे सांगितले.

धुराविषयी दोन शब्द. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये घरोघरच्या कोळशाच्या धुराने आणि धुक्याने पाच दिवस शहर कोंडले. प्रथम सुमारे ४,००० मृत्यू धरले गेले, पुढच्या अभ्यासांत तो आकडा १२,००० पर्यंत गेला, आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. आपली चूलही तेच काम एका खोलीत, एका बाईवर करते. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, कामगारदिनाच्या मुहूर्तावर, म्हणून मला तिची तारीख पाठ आहे. टाक्या घरोघर गेल्या, हे चांगले झाले. पण थंडीत चूल पुन्हा पेटते, कारण गॅस अन्न शिजवितो, घर तापवीत नाही, आणि टाकी भरून आणावयास पैसे लागतात. बाईला धूर आणि थंडी यांतून एक निवडावयास लावू नये एवढेच मी म्हणतो.

आणि आता ज्यासाठी हा विषय घेतला तेथे येतो. १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला, आणि १९८० मध्ये केंद्र सरकारने त्याचे नियम केले. त्यात असे लिहिले होते की जेथे तापमान २० अंशांच्या खाली जाते तेथे कंत्राटदाराने प्रत्येक कामगाराला दोन वर्षांतून एकदा लोकरी कोट आणि लोकरी विजार द्यावी. ५ अंशांच्या खाली जात असेल तर तीन वर्षांतून एकदा लोकरी ओव्हरकोट. मी तीस वर्षे या कामात आहे. तो कोट अंगात असलेला कामगार मला भेटलेला नाही. शिवाय कायदा 'आंतरराज्य' मजुरासाठी. बीडचे जोडपे बेळगावकडे तोडीला गेले तर ते आंतरराज्य, कोल्हापूरला गेले तर नव्हे. थंडीला मात्र सीमाप्रश्न ठाऊक नाही. तो कायदा आता स्वतंत्र राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि तो त्यांपैकी एकीत सामावला गेला. कायद्याचे नाव बदलले. कोपी तीच आहे.

कोपीत हिवाळा कसा जातो? पहाटे तीन-चारला जोडपे उठते. बाई भाकरी थापते, पोरे झोपलेली असतात. फडात उसाचे पान दवाने ओले, पहिल्या तासात बाह्या आणि लुगडे भिजून जाते, आणि ओल्या कपड्याने उन्हे येईपर्यंत कोयता चालतो. रात्री परत यावे तर खाली गार जमीन, वर पाचट, मध्ये चूल. पाचटाला ठिणगी पुरते. नवरा-बायको दोघे फडात असताना लहान मुलाजवळ असते ते त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे दुसरे मूल.

म्हणून या पावसाळ्यात उचल घेण्याच्या बैठका होतील तेव्हा दराबरोबर काही गोष्टी मागावयाच्या आहेत. कोपी उभी करण्यासाठी जमिनीपासून हातभर उंच, कोरडा ओटा. चुलीसाठी कोपीपासून दहा पावलांवर स्वतंत्र पत्र्याचा आडोसा, वारा आणि दव अडविणारा. प्रत्येक कोयत्यामागे दोन घोंगड्या किंवा दोन गोधड्या, उचलीतून न कापता. बाळंतीण आणि तान्हे मूल असेल तर पक्की खोली; साखर कारखान्याच्या आवारात ती असतेच, रिकामी करून द्यावयाची असते. आणि पहाटेच्या फेरीसाठी एक कोरडा बदलीचा सदरा. यांतील एकही गोष्ट अशी नाही की तिच्यामुळे साखर महाग होईल. नाशिककरांनी यात काय करावे? आपल्या घरी धुऊन ठेवलेली जुनी लुगडी आणि चादरी असतील. त्या दिवाळीनंतर दान म्हणून देऊ नका, आत्ता द्या. आमच्याकडे गोधड्या शिवणाऱ्या बाया आहेत, पावसाळ्यात त्यांना काम नसते, आणि शिवणीची मजुरी आम्ही ठरवून देतो. बाहेर चप्पलांच्या जागेजवळ आमचे दोन कार्यकर्ते वही घेऊन बसले आहेत. नाव आणि गल्ली लिहून ठेवलीत तर ते रविवारी घरी येऊन कापड घेऊन जातील.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिले आहे. गॅसच्या गीझरविषयी आणि भाड्याच्या खोल्यांविषयी ज्यांना विचारावयाचे असेल त्यांनी खुशाल विचारावे, मी थांबलो आहे.